कराटेच्या क्लासला नाव घालण्याआधी

मी शहागडहून बोलतेय. आमच्या बचत गटाचं रजिस्टर माझ्याकडं असतं. त्यामुळं बैठकीत हप्ते मोजून होईपर्यंत मला मान वर करायला सवड नसते. पण मागच्या महिन्यात पैसे मोजायच्या आधीच एक कागद हातोहात फिरायला लागला. फाट्यावरच्या कुठल्याशा दुकानातून कुणीतरी आणलेला. वर पांढरा पोशाख घातलेल्या मुलीचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात छापलेलं, ‘दहा दिवसांत स्वसंरक्षण शिका.’

मग बैठकीचा विषयच बदलला. एक म्हणाली, “माझी पोरगी आठवीत आहे, घालू का नाव?” दुसरी म्हणाली, “मी चाळिशीला आले, मला जमंल का?” एक सासूबाई म्हणाल्या, “हातपाय मोडून घेतल्यावर लगीन कोण करील?” सगळ्या हसल्या. आणि बैठक उठल्यावर एक जण मागं थांबली. चपला शोधल्यासारखं करत हळूच म्हणाली, “घरातल्या माणसावर चालतं का गं हे?”

या चौघींना एकच उत्तर देता येणार नाही. कराटे चांगलं की वाईट, असा प्रश्नच नाही. ते माझ्यासाठी आहे का, माझ्या लेकीसाठी आहे का, आणि आमची जी अडचण आहे तिच्यावर ते लागू पडतं का, हे प्रत्येकीला स्वतः ठरवावं लागतं. कसं ठरवायचं, तेवढंच आज बोलू.

आधी माझी चूक

माझी लेक अकरावीला होती. पूल ओलांडून गेवराईला कॉलेजला जायची. दोन पोरं मोटारसायकल घेऊन रोज फाट्यावर उभी राहायची. आधी हॉर्न वाजवायची, मग नाव घेऊन हाक मारायला लागली, मग बसच्या मागं गाडी घालायला लागली. लेकीनं दोन महिने घरात सांगितलं नाही, कारण सांगितलं की कॉलेज बंद होणार हे तिला ठाऊक होतं. कळल्यावर सासूबाई तेच म्हणाल्या, “बास झालं शिक्षण, कशाला पाठवायलीस पोरीला?” मी अडून बसले. म्हटलं, तिला कराटे शिकवते, मग तर झालं? कॉलेज वाचलं. पण ते मी कराटेच्या भरवशावर वाचवलं, आणि तिथंच चुकले.

तीन महिने ती क्लासला गेली. चौथ्या महिन्यात बसमध्ये चढताना त्यातल्या एकानं तिची ओढणी धरली. लेक जागच्या जागी थिजली. हात उचलला नाही, आवाज फुटला नाही. घरी आली ती त्या पोरावर चिडलेली नव्हती, स्वतःवर चिडलेली होती. म्हणाली, “आई, तू एवढे पैसे भरलेस आणि मला काहीच करता आलं नाही.”

मैत्रिणींनो, हे ऐकून मला कळलं की मी पोरीच्या हातात ढाल दिली नव्हती, तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवलं होतं. तोवर दोष त्या पोरांचा होता. क्लास लावल्यावर दोष तिला स्वतःचा वाटायला लागला.

अचानक संकट आलं की माणसाचं अंग पळतं, भिडतं, नाहीतर थिजतं. बांधावर नाग फणा काढून दिसला की पाय जमिनीला चिकटतात ना, तसंच. आपण ठरवून थिजत नाही, अंग आपोआप थिजतं. कुणी थिजली म्हणून ती भित्री ठरत नाही, आणि तिची संमती होती असं तर मुळीच होत नाही. सरावानं थिजणं कमी होऊ शकतं, पण शिकलेली प्रत्येक मुलगी प्रत्येक वेळी लढेलच, असं कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मग आम्ही काय केलं? गटातल्या चौघी आळीपाळीनं बसच्या वेळेला फाट्यावर उभ्या राहिलो. कंडक्टरच्या कानावर घातलं. मोटारसायकलचा नंबर, तारखा, वेळा लिहून पोलिसांत लेखी तक्रार दिली आणि तिची पोच घेतली. मुलीचा असा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 प्रमाणं गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळेलासुद्धा 3 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पंधरा दिवसांत ती पोरं दिसेनाशी झाली. लेकीनं क्लास सोडला नाही. पण आता ती आवडतं म्हणून जाते, कॉलेजला जायची परवानगी मिळावी म्हणून जात नाही.

पहिला प्रश्न : भीती कुणाची?

क्लासची फी विचारायच्या आधी एक कागद घ्या. लिहिता येत नसेल तर मनात धरा. मला भीती कुणाची वाटते? कुठं वाटते? कोणत्या वेळेला?

आपल्याला वाटतं, धोका म्हणजे अंधारात झुडपामागं दबा धरलेला अनोळखी माणूस. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते की नोंद झालेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, कामावरचा, लग्नाचं वचन दिलेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2019 ते 2021 या काळात झाली. तिच्यात देशातल्या दर 10 लग्न झालेल्या बायांपैकी साधारण 3 जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा छळ झाल्याचं सांगितलं.

आता विचार करा. अनोळखी माणसाला ठोसा मारायला हात उठेल. पण चुलत दिराला? ऊसतोडीच्या मुकादमाला, ज्याची उचल अजून फिटलेली नाही? तिथं हाताआधी जीभ अडते. म्हणून तिथं लागणारं शिक्षण वेगळं.

लढण्याची कला वेगळी, स्वसंरक्षण वेगळं

हे दोन शब्द जाहिरातीत एकच असल्यासारखे छापतात. कराटे, ज्युदो, तायक्वांदो, कुस्ती, लाठीकाठी या कला आहेत. त्यांना गुरू लागतो, नियम असतात, वर्षानुवर्षांचा सराव लागतो. काळा पट्टा मिळायला काही वर्षं जातात. अंग बळकट होतं, मन एकाग्र होतं, स्पर्धेत उतरता येतं. हे सगळं खरं आहे.

स्वसंरक्षण हे त्याहून लहान आणि त्याहून रुंद आहे. धोका लवकर ओळखणं, दोन हात अंतर ठेवणं, मोठ्यानं “हात सोड” म्हणणं, मनगट पकडलं तर पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका देऊन सोडवून घेणं, पळणं, आणि झालेलं कुणाला तरी सांगणं, हे सगळं त्यात येतं. मनगटाचं म्हणाल तर पकडीत अंगठ्याची बाजूच कच्ची असते. आज रात्री जावेबरोबर करून बघा.

अशा शिक्षणाचा उपयोग होतो का? कॅनडात तीन विद्यापीठांतल्या सुमारे 900 विद्यार्थिनींवर एक अभ्यास झाला आणि तो 2015 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्या मुलींना नुसती माहितीपत्रकं दिली. निम्म्या मुलींना 12 तासांचं शिक्षण दिलं. पुढच्या वर्षभरात पत्रकं मिळालेल्या दर 100 जणींपैकी सुमारे 10 जणींवर बलात्कार झाला, तर शिक्षण घेतलेल्या दर 100 जणींपैकी सुमारे 5 जणींवर. म्हणजे धोका जवळपास निम्म्यावर आला, पण संपला नाही. आणि त्या 12 तासांत हाणामारी हा एकच भाग होता. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका कसा ओळखायचा, आणि ‘त्याला वाईट वाटेल’ ही आतली अडचण बाजूला सारून नाही कसं म्हणायचं, हे त्यात मोठं शिकवणं होतं. तो अभ्यास कॉलेजच्या मुलींचा आहे, गावातल्या लेकुरवाळ्या बाईचा नाही, एवढं लक्षात ठेवून त्याच्याकडं बघायचं.

कोणती कला कुणाला?

तरीही कला शिकायची असेल, तर कोणती?

कराटे जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरून आलं. नावाचा अर्थ रिकामा हात. हातापायांचे फटके आणि पोटातून काढलेली आरोळी हा त्याचा गाभा. ज्या मुलीचा आवाज फुटत नाही तिला ती आरोळीच मोठी कामाची.

ज्युदो जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत सुरू केलं. त्यात ठोसे नसतात. समोरच्याचा तोल घालवून त्याला पाडायचं आणि दाबून धरायचं. स्वतः पडताना डोकं, मनगट कसं वाचवायचं हे त्यात आधी शिकवतात. पण खाली गादी हवीच. फरशीवर ज्युदो शिकवणाऱ्याकडं जाऊ नका.

तायक्वांदो कोरियाचं. त्यात लाथेला महत्त्व. लवचीक अंगाच्या शाळकरी मुलींना ते आवडतं. साडी नेसून शेतात जाणाऱ्या बाईला छातीएवढी लाथ मारायचा प्रसंग कमीच.

कुस्ती तर आपल्या मातीतली. 2023 मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. कुणी अंगाला भिडलं तर न घाबरता सुटायचं कसं, हे कुस्तीइतकं थोड्याच खेळांत शिकायला मिळतं. अडचण एवढीच, की मुलींना घेणारी तालीम जवळ असायला हवी.

आणि लाठीकाठी. पुण्याच्या हडपसरच्या शांताबाई पवार आठवतात? 2020 च्या टाळेबंदीत रस्त्यावर काठी फिरवणारी ती पंच्याऐंशी वर्षांची आजी सगळ्या देशानं मोबाइलवर पाहिली. काठीला वय लागत नाही, हे तिच्याकडं बघून पटतं. पण रोजच्या वाटेवर हातात काठी नसते. आणि जे हत्यार वापरायचा सराव नाही, ते आपल्याच हातातून हिसकावलं जातं. पिशवीत विळा ठेवला म्हणून निर्धास्त राहू नका.

दुसरा प्रश्न : माझं अंग काय म्हणतं?

आपण दुसऱ्यांचं दुखणं बघतो आणि स्वतःचं अंगावर काढतो. आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. चढ चढताना धाप लागत असेल, डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, तर आधी आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. अंग बाहेर येत असेल, पिशवीचं ऑपरेशन झालं असेल, कंबर धरत असेल, रक्तदाब असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उड्या आणि पाडापाडी नको. गरोदर असाल तर हा विषय बाळंतपणानंतरचा.

पण यातलं काही असलं म्हणून दार बंद होत नाही. आवाज, अंतर, पकड सोडवणं हे गुडघे दुखणाऱ्या बाईलाही जमतं. मी स्वतः अडतिसाव्या वर्षी लेकीबरोबर चार महिने उभी राहिले. मग गुडघ्यानं नाही म्हटलं, मी थांबले. लाज वाटली नाही. पहिल्या दिवशी “लांब हो” म्हणून ओरडायला सांगितलं, तेव्हा माझा आवाज ओठातच राहिला होता. वीस वर्षं घरात हळू बोलायची सवय. चौथ्या आठवड्यात तो आवाज निघाला. तो अजून माझ्याजवळ आहे.

तिसरा प्रश्न : क्लास कसा आहे?

पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून बघा. बसू देत नसतील तर तिथूनच परत या.

शिकवणारी बाई आहे का? नसेल तर दुसरी मोठी बाई हजर असते का? दारं-खिडक्या उघडी असतात का? पकड दाखवताना अंगाला हात लावायच्या आधी विचारतात का? ‘नको’ म्हटलेलं ऐकतात का? जिथं नको म्हणायला शिकवायचं, तिथंच नको चालत नसेल तर काय शिकणार? आधी पळा, लढणं शेवटी, असं ते सांगतात का? की कपडे कसे घालावेत यावरच भाषण देतात? पोशाख, पट्ट्याची परीक्षा, प्रमाणपत्र यांचे पैसे वेगळे पडतात का, हेही आधीच विचारा. आणि ‘दहा दिवसांत निर्भय’ लिहिलेलं असेल तर ती ओळ सोडून बाकीचं वाचा.

पैशाची ओढ असेल तर आधी शाळेत चौकशी करा. सरकारी शाळांतल्या सहावीपासून बारावीपर्यंतच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. ते तीन महिन्यांचं असतं. आपल्या शाळेत यंदा होणार का, हे मुख्याध्यापकांना एकटीनं विचारू नका, गटानं जाऊन विचारा.

कायदा काय म्हणतो?

“आपण मारलं तर केस आपल्यावरच होईल ना?” हा प्रश्न हमखास येतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या बचावाचा हक्क दिलेला आहे. बचावापुरतं बळ वापरणं हा गुन्हा नाही. बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या हेतूनं हल्ला झाला, अॅसिड फेकलं किंवा फेकायला आला, जिवावर बेतलं, तर हा हक्क फार पुढपर्यंत जातो. हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा तो बचावच मानू शकतो. पण गरजेपेक्षा जास्त नाही. तो पळून गेल्यावर गाठून मारलं तर तो बचाव राहत नाही.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. पूल अलीकडचा की पलीकडचा, जालना जिल्हा की बीड, हे बघत बसायचं नाही. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. तातडीला 112 लावा.

आणि मागं थांबलेल्या त्या बाईला

“घरातल्या माणसावर चालतं का?” तिला मी खरं तेच सांगितलं. जिथं रात्री त्याच छताखाली झोपायचं आहे, तिथं एका फटक्यानं प्रश्न मिटत नाही, उलट मार वाढू शकतो. जीव वाचवायला हात उचलायचा तुला हक्क आहे. पण तुझं खरं स्वसंरक्षण बाहेर पडायची वाट तयार ठेवण्यात आहे. आधार कार्ड, बँकेचं पुस्तक, पोरांचे दाखले आणि थोडे पैसे एका पिशवीत भरून विश्वासाच्या घरी ठेव. शेजारणीशी एक खूण ठरव, ती ऐकली की तिनं दार वाजवायचं. भांडण पेटलं की चुलीजवळून, विळ्या-कुऱ्हाडीजवळून बाजूला सरक. महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे, जालन्याला सखी केंद्र आहे. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळतो, आणि राहत्या घरातून बाहेर न काढण्याचाही मिळू शकतो.

ती लगेच काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एक पिशवी माझ्या घरी आणून ठेवली. अजून माझ्याच घरी आहे.

मग नाव घालायचं का?

आठवीतल्या पोरीला आवड असेल, क्लास बघून पटला असेल, तर जरूर घाला. तिचं अंग आणि मन दोन्ही उभं राहील. पण तिला एक वाक्य आधीच सांगून ठेवा, ‘कधी काही झालं आणि तुला लढता आलं नाही, तरी चूक तुझी नाही. आधी मला येऊन सांग.’ माझ्या लेकीला मी हे उशिरा सांगितलं.

चाळिशीच्या बाईला मी म्हणेन, पट्ट्याच्या मागं लागू नकोस. थोड्या दिवसांचं, आवाजापासून सुरू होणारं शिक्षण बघ. दहा जणी जमत असतील तर शिकवणाऱ्या बाईलाच गटात बोलवू. सासूबाईंना म्हणेन, उसाच्या मोळ्या उचलून आणि पाण्याच्या घागरी वाहून हातपाय मोडले नाहीत, ते याच्यानं कशाला मोडतील? आणि या बघायला. तुमच्या आवाजाची आम्हाला गरज आहे, तो आमच्यापेक्षा मोठा आहे.

पुढच्या बैठकीत हप्ते मोजण्याआधी दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं तीनच गोष्टी सांगायच्या. भीती कुणाची, कुठं, आणि त्या वेळेला मी कुणाला हाक मारीन. तिसऱ्या प्रश्नाला जिच्याकडं नाव नसेल, तिच्यासाठी गटातल्या एखादीनं आपलं नाव तिथंच द्यायचं. क्लासचं नंतर ठरवू.

बरं, येते. नमस्कार.